आधी पाणी बघा, मग पाखरू

नागपूरच्या मनीषनगरात राहणाऱ्या एका वडिलांनी विचारलं आहे: "गेल्या जानेवारीत आम्ही काश्मीरला गेलो होतो. दल सरोवराच्या काठाकाठानं बर्फ धरला होता, शिकारावाला वल्ह्यानं तो फोडत नाव बाहेर काढत होता आणि मधल्या उघड्या पाण्यात पक्ष्यांची ही गर्दी! माझ्या दहा वर्षांच्या मुलीनं तेव्हापासून पिच्छा पुरवला आहे, त्यांचे पाय गोठत कसे नाहीत म्हणून. परत आल्यावर तिला दोनदा अंबाझरी तलावावर नेलं. लांबवर काळे ठिपके दिसले, बाकी काही नाही. तिकडचे पक्षी आपल्याकडे येतात का? येत असतील तर आम्हाला का दिसत नाहीत?"

भाऊ, तुमच्या लेकीचा प्रश्न आणि तुमचा प्रश्न शेवटी एकाच जागी येऊन मिळतात, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे. नागपूरच्या नि आसपासच्या तलावांच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मी सत्तावीस हिवाळे काढले. त्यातली पहिली पाच-सहा वर्षं तुमच्यासारखीच गेली. दुर्बीण गळ्यात घालून जायचं, पक्षी शोधत फिरायचं, ठिपके बघून घरी यायचं. मग एक गोष्ट ध्यानात आली. तलावावर पोचलं की पहिली पंधरा मिनिटं पक्षी शोधायचेच नाहीत. पाणी बघायचं. उघडं कुठे आहे, झाकलेलं कुठे आहे, उथळ कुठे आहे, वारा कोणत्या बाजूनं येतोय, माणसं कुठवर येतात. एवढं कळलं की पाखरू कुठे असेल ते जवळजवळ बोटानं दाखवता येतं. दलवर तुम्हाला सगळं सहज दिसलं, कारण हे काम तिथे बर्फानं आधीच करून ठेवलं होतं. पाण्याचा एक तुकडा उघडा होता आणि सगळे त्या तुकड्यात होते.

आधी बर्फाचं सांगते. पाणी थंड होत जातं तसं जड होतं आणि तळाशी जातं, पण हे फक्त ४ अंश सेल्सिअसपर्यंत. त्याच्याही खाली गेलं की ते पुन्हा हलकं व्हायला लागतं आणि वरच राहतं. म्हणून तलाव वरून गोठतो, खालून कधीच नाही, आणि बर्फाखाली मासे, किडे, वनस्पती तग धरून राहतात. शिवाय काठाचं पाणी उथळ असतं, त्याच्यात साठलेली ऊब थोडी, ती लवकर संपते. मधल्या खोल पाण्यापाशी पुंजी मोठी असते. झरा असेल, ओढा येऊन मिळत असेल किंवा वाऱ्यानं पाणी हलत असेल, तर तिथे बर्फ धरायला आणखी वेळ लागतो. काश्मीरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस जो कडाक्याचा काळ असतो, त्याला ते चिल्लई कलान म्हणतात. तुम्ही नेमके त्यात गेला होतात. काठ गोठलेला आणि मध्य उघडा, हे चित्र त्या चाळीस दिवसांचं.

आता तुमच्या लेकीचे पाय. म्हणजे बदकांचे. बदकाच्या अंगातली उष्णता चाळीस-एक्केचाळीस अंशांच्या घरात असते, आपल्याला तापच म्हणावा इतकी. पण पायात ती तेवढी नसतेच, आणि मेख इथेच आहे. शरीराकडून पायाकडे गरम रक्त नेणाऱ्या वाहिन्या आणि पायाकडून गार रक्त परत आणणाऱ्या वाहिन्या अगदी एकमेकींना चिकटून असतात. वरून उतरणारं गरम रक्त आपली ऊब खालून चढणाऱ्या गार रक्ताला वाटेतच देऊन टाकतं. पायाशी पोचेपर्यंत ते जेमतेम कोमट उरतं, आणि पोटाकडे परतणारं रक्त मात्र ऊन होऊन जातं. पाय गोठणबिंदूच्या जरासा वर राहतो, म्हणून गोठत नाही. तो बर्फाइतकाच गार असल्यामुळे त्यातून उष्णता बाहेर जायलाही फारसा वाव राहत नाही. मुलीला घरी दाखवायचं असेल तर एका पेल्यात गरम पाणी आणि एकात गार पाणी घ्या, दोन्ही पेले एकमेकांना चिकटवून फडक्यात गुंडाळा आणि थोड्या वेळानं दोन्हींत बोट घालायला सांगा. देवाणघेवाण झालेली तिला कळेल.

बाकीचं काम पिसं करतात. शेपटीच्या बुडाशी एक तेलाची ग्रंथी असते. बदक सारखं मान मागे वळवून चोच तिथे घासतं आणि मग अंगभर फिरवतं, ते नुसतं नटणं नसतं. वरची पिसं पाणी आत येऊ देत नाहीत आणि खालचा मऊ पिसारा हवा धरून ठेवतो. फार थंडी पडली तर एक पाय पोटाच्या पिसांत ओढून घेतात, किंवा बर्फावर सरळ बसतात आणि दोन्ही पाय झाकून टाकतात. एका पायावर उभा असलेला पक्षी लंगडा असतो असं समजून लोक मला फोन करतात. लंगडा नसतो तो, एका पायाची ऊब वाचवत असतो.

म्हणजे थंडी हा त्यांचा मोठा प्रश्न नाही. भूक हा आहे. नागपूरचा धागा इथून सुरू होतो.

बदकांची जेवायची पद्धत बघा. ढोबळमानानं दोन जाती आहेत. एक जात बुड्या न मारता वरवर चरते. मान पाण्यात घालायची, शेपूट आकाशाकडे करून ओणवं व्हायचं आणि तळातलं जे चोचीला लागेल ते खायचं. तलवार बदक, चक्रांग, थापट्या, तरंग, गडवाल ही मंडळी यातली. जेवढी मान लांब तेवढं खोल ताट. चक्रांगाला वीतभर पाणी हवं, लांब मानेच्या तलवार बदकाला हातभर चालतं. दुसरी जात बुडी मारून पुरुषभर पाण्याच्या तळाशी जाते. लालसरी आणि शेंडीबदक हे यातले. आता बर्फ आधी कुठे धरतो? काठाला, उथळ पाण्यात. म्हणजे पहिल्या जातीचं ताटच झाकलं जातं. बुडी मारणारे मात्र मधलं पाणी उघडं असेपर्यंत टिकून राहतात. तुमच्याकडे दलचे फोटो असतील तर मोठे करून बघा. मधल्या पाण्यात कपाळावर पांढरा टिळा असलेले काळे वारकरी पक्षी आणि विटकरी डोक्याच्या लालसऱ्या सर्वात जास्त दिसतील असा माझा अंदाज आहे.

इथे एक गैरसमज दूर करते. बर्फ पडला, पाणी गोठलं, म्हणून पक्षी उठले आणि नागपूरला आले, असं सरळ होत नाही. सैबेरिया, कझाकस्तान, मंगोलिया, तिबेट या भागांतले बहुतेक पाणपक्षी तिथलं पाणी गोठायच्या कितीतरी आधी निघतात. दिवस लहान होऊ लागला की त्यांच्या अंगात हालचाल सुरू होते. भुवई बदक तर ऑगस्ट-सप्टेंबरातच भारतात उतरायला लागतं, तेव्हा आपल्याकडे गणपतीची तयारी चाललेली असते. काश्मीरात दिसलेले पक्षीसुद्धा बहुतांशी तिथले पाहुणेच. कडाका फार वाढला की त्यातले काही आणखी खाली सरकतात. त्यामुळे दलवरचं एखादं बदक अंबाझरीवर येतं असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही, पण त्याच जातीची, त्याच आकाशमार्गानं आलेली भावंडं आपल्याकडे नक्की येतात. गोठणारं पाणी उत्तरेत आणि ताट आपल्याकडे, असा हा व्यवहार आहे.

आणि आपल्या भागाकडे ताटं आहेत तरी किती! भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरचा पूर्व पट्टा मिळून मामा तलाव, म्हणजे जुने मालगुजारी तलाव, हजारोंनी आहेत. कोहळी समाजानं शेकडो वर्षांपूर्वी धानासाठी बांधलेले हे तलाव मुळातच उथळ. पावसाळ्यात भरतात, धान नि रब्बीला पाणी देता देता उतरत जातात. पाणी उतरलं की काठाला गाळाची रुंद पट्टी उघडी पडते, तिच्यापुढे वीतभर पाणी आणि त्या पाण्यात देवधान, कमळाचे कंद, शेवाळ, किडे. चक्रांग नि तलवार बदकासाठी याहून चांगली पंगत कुठे मिळणार? म्हणून माझं ठाम मत आहे की शहरातल्या तलावांवर तुम्ही नोव्हेंबर-डिसेंबरात जा, पण जानेवारी-फेब्रुवारीत गाडी उमरेड, कुही, रामटेककडे काढा. शहरातल्या तलावांचं पाणी फारसं उतरत नाही, काठ बांधलेले आहेत, उथळ ताट मिळतच नाही. तिथे बुडी मारणारे नि वारकरी दिसतील. वरवर चरणाऱ्यांसाठी गावाकडेच जायला हवं.

आता अंबाझरी. आपल्याकडे बर्फ नाही. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता, तरी तलावावर पापुद्रासुद्धा धरला नाही. पण आपल्याकडे बर्फाचं काम करणारी दुसरी गोष्ट आहे: जलपर्णी. वरून हिरवीगार, जांभळ्या फुलांची, फोटोत छान दिसते. पाण्यात सांडपाणी आलं की ती अशी वाढते की महिन्या-दोन महिन्यांत आख्खा कोपरा झाकून टाकते. खाली उजेड जात नाही, पाण्यातला प्राणवायू कमी होतो, पाणवनस्पती मरतात. बर्फ निदान फेब्रुवारीत वितळतो, ही वितळत नाही. वारा जिकडून येतो तिकडचं पाणी उघडं राहतं आणि जलपर्णी समोरच्या काठाला जाऊन साचते. एके वर्षी मी दोन दिवस लागोपाठ गेले. पहिल्या दिवशी वारकरी पश्चिमेला होते, दुसऱ्या दिवशी पूर्वेला. पक्ष्यांनी जागा बदलली असं मी वहीत लिहिलं. घरी येऊन विचार केल्यावर कळलं की रात्रीतून वाऱ्याची दिशा फिरली होती, जलपर्णीची चादर सरकली होती आणि उघडं पाणी तिकडे गेलं होतं. पक्षी पाण्यामागे गेले होते.

जलपर्णीच्या कडेला मात्र जरूर नजर टाका. तिथे जांभळी पाणकोंबडी लाल चोचीनं देठ सोलून खात असते, कमळपक्षी लांबलचक बोटांवर तोल सांभाळत चालतो, ढोकरी माशाची वाट बघत पुतळ्यासारखी उभी असते. सगळी पाण्यावरची मंडळी परदेशी असतात असं काही नाही. या तिघी इथल्याच. टिबुकलीसुद्धा इथलीच, बारा महिने. अडई, हळदीकुंकू बदक हेही आपलेच. लोक सरसकट सगळ्यांना "सैबेरियन पक्षी" म्हणतात, ते ऐकून मला वाईट वाटतं. हळदीकुंकू बदकाच्या काळ्या चोचीच्या टोकाला पिवळा ठिपका आणि बुडाशी दोन लाल ठिपके असतात, इतकं सुंदर मराठी नाव दुसऱ्या कुठल्या पक्ष्याला नसेल, आणि त्यालाच आपण परदेशी ठरवतो.

तुमचं काय चुकलं असेल, याचा अंदाज करते. तुम्ही रविवारी, आठ-साडेआठला चहा-पोहे करून निघालात, नऊ-साडेनऊला पोचलात. तेव्हा बदकं झोपलेली असतात. बरीचशी बदकं रात्री आणि झुंजुमुंजूला चरतात, उन्हं चढली की तलावाच्या मधोमध, माणसापासून सर्वात दूर जाऊन चोच पाठीच्या पिसांत खुपसून पडतात. तुम्हाला दिसलेले काळे ठिपके ही अशी झोपलेली बदकं असणार. शिवाय दहाच्या सुमारास पाण्यावरची हवा थरथरायला लागते, दुर्बीण कितीही भारी असली तरी चित्र डळमळतं. जानेवारीत नागपूरला सूर्य पावणेसात-सातला उगवतो. तुम्ही उगवतीच्या आधी पाळीवर असायला हवं. अंबाझरीचं एक बरं आहे, धरणाची भिंत शहराच्या बाजूला, म्हणजे पूर्वेला आहे. सकाळी तिथे उभं राहिलं की सूर्य पाठीशी आणि सगळे रंग समोर. संध्याकाळी त्याच जागेवरून फक्त काळ्या सावल्या दिसतील. कुठल्याही नव्या तलावावर जायच्या आधी नकाशात एवढंच बघा की सकाळी ऊन पाठीवर घेऊन कुठे उभं राहता येईल.

आणि पक्ष्यांना ओळखायची घाई ऑक्टोबर-नोव्हेंबरात करू नका. तेव्हा नर बदकं पिसं बदलत असतात आणि मादीसारखीच तपकिरी दिसतात. अनुभवी माणसंही तेव्हा चाचपडतात. डिसेंबरच्या मध्यानंतर नरांचा थाट सुरू होतो. त्याआधी रंगावर जाऊ नका, चालीरीतीवर जा. पाण्यावर शेपूट वर ठेवून हलकं तरंगणारं, उडताना जागच्या जागी सरळ वर उसळणारं बदक म्हणजे वरवर चरणारं. पाण्यात जड बसलेलं, शेपूट पाण्याला टेकलेलं, उडायच्या आधी पाण्यावर पावलं आपटत धावणारं म्हणजे बुडी मारणारं. एवढी एक खूण मुलीला दिली की अर्धी ओळख झाली.

थापट्याकडे मात्र तिला मुद्दाम न्या, कारण त्याचं वागणं लांबूनही कळतं. चोच पुढे पसरत जाणारी, थेट फावड्यासारखी. तिच्या कडांना बारीक कंगव्यासारखे दात असतात, पाणी आत घ्यायचं, कडेनं गाळून सोडायचं, उरलेले सूक्ष्म जीव गिळायचे. मी एकदा उमरेडकडच्या एका तलावावर वीस-बावीस थापटे गोल धरताना पाहिले. एक पुढच्याच्या शेपटीमागे, दुसरा त्याच्या मागे, सगळ्यांच्या चोची पाण्यात सपाट, माना डावी-उजवीकडे झुलतायत आणि आख्खं रिंगण घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरतंय. प्रत्येकाच्या पायांनी ढवळून वर आलेलं खाद्य मागच्याला मिळत होतं. पाऊण तास हे चाललं. मध्येच एक बाहेर पडला, पाण्यावर जरा थांबला, पंख झटकले आणि पुन्हा रांगेत घुसला. पंख झटकताना खांद्यावरचा आभाळी निळा तुकडा असा चमकला की शेजारी उभ्या गुराख्यानं "अरे बापा" म्हटलं.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते, कारण ती तुमच्या हातून व्हायला नको. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची जानेवारीची सकाळ. मकरधोकड्याच्या बाजूला एका तलावाच्या पलीकडच्या गाळावर पट्टकदंब बसले होते, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले ते राजहंस. पन्नास-साठ असतील. रात्री गव्हा-हरभऱ्याच्या शेतात कोवळं चरून पहाटे पाण्यावर विसाव्याला आलेले. मला जवळून बघायचे होते. मी पाळ सोडली आणि वाकून, दबत दबत गाळातून पुढे निघाले. एका हंसानं मान वर केली. मी थांबले नाही. मग सगळ्यांच्या माना वर. तरी मी आणखी दहा पावलं गेले. एक जण ओरडला आणि आख्खा थवा उठला. मी तिथे तीन दिवस राहिले होते, ते हंस पुन्हा काही आले नाहीत. जाळं वाळत घालणारे एक ढीवर काका हे सगळं बघत होते. ते एवढंच म्हणाले, "तुमी त्यायच्याकडं कायले जाता बाई? पाळीवर गुमान बसून राहा न, ते येतेच इकडे."

त्या उठलेल्या थव्यानं काय किंमत मोजली, ते मला नंतर वाचून कळलं. हे हंस तिबेट, मंगोलिया, लडाखच्या तळ्यांकाठी अंडी घालतात. लडाखचं त्सो मोरिरी साडेचार हजार मीटरहून उंच आहे आणि हिवाळ्यात पार गोठतं. ते सोडून ते हिमालय ओलांडून येतात. शास्त्रज्ञांनी अंगावर यंत्रं बसवून त्यांचा मागोवा घेतला, तेव्हा एक हंस ७,२९० मीटरपर्यंत पोचल्याची नोंद मिळाली. तिथे प्राणवायू समुद्रसपाटीच्या निम्म्याहूनही कमी. त्यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू घट्ट पकडतं, म्हणून हे जमतं. चढण ते बहुधा रात्री नि पहाटे चढतात, कारण तेव्हा हवा गार आणि दाट असते, पंखांना आधार मिळतो. एवढं करून आलेला पक्षी इथे चरबी साठवायला येतो, मार्चमध्ये तोच डोंगर उलट चढायचा असतो. माझ्या हौसेपायी तो एकदा उठला म्हणजे त्याच्या साठ्यातलं थोडं मी खर्च केलं. गोठलेल्या सरोवरावर तर हे आणखी जड पडतं, कारण तिथे उठून जायला दुसरं उघडं पाणीच नसतं.

म्हणून माना वर झाल्या की जिथे असाल तिथेच थांबा, खरं तर दोन पावलं मागे या. क्रम ठरलेला असतो: आधी चरणं थांबतं, मग मान ताठ होते, मग पक्षी तुमच्यापासून दूर पोहायला लागतो आणि शेवटी उडतो. पहिल्या खुणेलाच थांबलात तर दहा-पंधरा मिनिटांत ते पुन्हा चरायला लागतात. मग झाडाच्या किंवा झुडपाच्या सावलीत बसून राहा. ढीवर काकांचं म्हणणं मी दुसऱ्या वर्षी करून बघितलं. तासाभरानं चक्रांगांची एक जोडी माझ्यापासून पंचवीस पावलांवर चरत होती, नराच्या डोळ्यावरचा हिरवा पट्टा उघड्या डोळ्यांनी दिसत होता. फोटोसाठी ड्रोन उडवणाऱ्यांना मी तोंडावर बोलते. आकाशातून येणारी घोंघावणारी वस्तू त्यांना शिकारी पक्ष्यासारखीच वाटते.

शिकारी पक्ष्याची गोष्ट निघालीच आहे तर वारकऱ्यांवर लक्ष ठेवायला शिका. ते तलावाचे पहारेकरी आहेत. एरवी पसरून, भांडत, एकमेकांच्या मागे पाण्यावर धावत असतात. अचानक दोनशे वारकरी घट्ट गोळा झाले, जणू एकच काळी सतरंजी, तर पाण्याकडे बघत बसू नका, वर बघा. दलदली भोवत्या पंख उंच धरून खालून घिरट्या घालत असेल. घोळक्यातून एक सुटला की तो झेपावतो. गोरेवाड्यावर कधी कधी कैकर दिसतो, पण तो माशांवरच जगतो, म्हणून वारकरी त्याच्याकडे तितकं लक्ष देत नाहीत. शिवाय गडवाल नि तरंग वारकऱ्यांच्या अवतीभवती का राहतात, तेही बघा. वारकरी बुडी मारून तळातलं शेवाळ वर आणतो आणि ज्यांना बुडी येत नाही ते त्याच्या तोंडातून ओढून घेतात. दिवसभर हा प्रकार चालू असतो, मुलांना फार आवडतो.

सामानाबद्दल थोडक्यात. ८ बाय ४२ ची दुर्बीण घ्या, जास्त ताकदीची नको, मुलीच्या हातात ती हलेल. उमरेडकडच्या मोठ्या तलावांवर टेलिस्कोप असला तर सोनं, पण पहिल्या वर्षी लागत नाही. गडद, मळकट कपडे. परत आल्यावर दुर्बीण थोडा वेळ पिशवीतच राहू द्या, थंडीतून एकदम घरातल्या ऊबेत काढली की भिंगावर दव धरतं. आणि वही. तारीख, वेळ, वारा, पाणी किती उतरलं आहे, जलपर्णी कुठवर आहे, मग पक्षी. या क्रमानं लिहा. जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते, भारतात ती १९८७ पासून चालू आहे. ५ ते १२ नोव्हेंबर हा आपल्या राज्याचा पक्षी सप्ताह, ५ तारखेला मारुती चितमपल्लींचा आणि १२ तारखेला सालिम अलींचा जन्मदिवस म्हणून. या दोन्ही वेळी जाणत्या माणसांबरोबर जायची संधी मिळते, ती सोडू नका. एखाद्या पट्टकदंबाच्या गळ्यात रंगीत पट्टा दिसला तर रंग आणि त्यावरची अक्षरं-आकडे लिहून घ्या, शक्य असेल तर दुरूनच फोटो काढा. मंगोलियातल्या संशोधकांनी असे पट्टे घातलेले हंस भारतात दिसले आहेत, एका नोंदीनं आख्खा प्रवास उलगडतो.

एक गोष्ट संक्रांतीच्या आठवड्यासाठी. नागपुरात पतंगाचा जोर किती असतो ते तुम्हाला सांगायला नको. बंदी असूनही नायलॉनचा मांजा तलावाकाठच्या झाडांत अडकून राहतो आणि तो कुजत नाही. संध्याकाळी विसाव्याला येणारे बगळे, पाणकावळे त्यात सापडतात. फिरायला जाताना खिशात छोटी कात्री ठेवा, हाताला येईल तेवढा कापून पिशवीत भरून आणा. जखमी पक्षी सापडला तर त्याला पाणी पाजू नका, खोक्यात अंधारात ठेवून सेमिनरी हिल्सवरच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरमध्ये न्या.

आता तुमच्यासाठी. या जानेवारीतल्या पहिल्या मोकळ्या दिवशी पहाटे साडेपाचला निघा, थर्मासमध्ये चहा आणि मुलीला कानटोपी. रामटेकचा खिंडसी पन्नासेक किलोमीटर आहे, पण तो मोठा नि खोल, तिथे पहिल्यांदा निराशा होईल. त्यापेक्षा उमरेड रस्त्यावरचा एखादा उतरलेला मामा तलाव धरा, गावात विचारलं तर "पाखरं कोणत्या तलावावर हायेत" हे पोरंसोरंही सांगतात. पाळीवर बसल्यावर तिच्या हातात दुर्बीण देऊ नका. आधी तिला कागदावर तलाव काढायला सांगा: कुठे गाळ, कुठे वीतभर पाणी, कुठे खोल, कुठे शिंगाड्याचे वेल, वारा कुठून. मग विचारा, चक्रांग कुठे जेवायला बसेल? तिनं बोट दाखवलं की मगच दुर्बीण द्या. तिचा कागद आणि तिनं पाहिलेल्या पाखरांची नावं मला जरूर पाठवा, मीही त्या दिवशी तिकडेच कुठल्या तरी पाळीवर असेन.